विश्रांतीच्या तासांवर डल्ला

ग्राहकाची गरज आधी, उत्पादन नंतर, असे वर्गात शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. वस्तुतः गरजाही उत्पादकच निर्माण करतो, हे गॅलब्रेथने १९५८ मध्येच दाखवले होते. मोबाइलवरील अ‍ॅप्सनी त्यापुढची मजल मारली आहे. नीर एयाल यांच्या ‘हुक्ड’ (२०१४) या पुस्तकात तर सवय लावण्याची रीतच सांगितली आहे. तिचे मर्म अनिश्चित बक्षिसात. दाणा केव्हा मिळेल हे ठाऊक नसलेली स्किनरची कबुतरे चोच मारीतच राहत. आज आपला अंगठा तेच करतो (माझाही!). कामगाराने झगडून मिळवलेले विश्रांतीचे तास अशा रीतीने जाहिरातदारांना विकले जातात. कितीही सरकवला तरी न संपणारा मजकूर व आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती मुळातच बंद असाव्यात, ज्याला हव्यात त्याने त्या सुरू कराव्यात, असा कायदा व्हावा ही मागणी कामगार संघटनांनी आता लावून धरावी.