चाकूचं वय चाकूलाच विचारा

छावणीच्या गावात बदली झाली की जुन्या बाजारात चक्कर होतेच. अंबाला असो, मेरठ असो की महू, कबाड्याकडे एखादा घडीचा चाकू निघतो आणि लगेच ऐकू येतं, "साब, वर्ल्ड वॉर का है." माझं मत सरळ आहे. गोष्ट जरूर ऐकावी. विश्वास मात्र पात्यावरच्या खुणा वाचूनच ठेवावा.

ब्रिटिश फौजेचा क्लास्प नाइफ घ्या. एक रुंद पातं, डबा फोडायचं हत्यार, पाठीशी दोराच्या गाठी सोडवायचा सुळा, काळी चौकटीदार मूठ आणि दोरी ओवायला कडी. पातं उघडून ते मुठीत शिरतं तिथं भिंगाने बघा. कारखान्याचं नाव, बहुतेकदा सन आणि सरकारी मालाचा बाण सापडेल. बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. सन बनवल्याचा असतो. चाकू कुणाच्या खिशात कधी गेला ते त्यावरून कळत नाही, पण त्याआधी गेला नव्हता एवढं नक्की. मूठ बदलता येते, म्हणून एकट्या मुठीवरून वय ठरवू नये.

आता पोलाद. 'स्टेनलेस' असा छाप असेल तर १९१३ पूर्वीचा दावा तिथंच संपला. सुमारे १३ टक्के क्रोमियमचं हे पोलाद हॅरी ब्रेअर्लीने शेफील्डमध्ये त्या वर्षी तयार केलं. छाप नसेल तर रंग बघा. कार्बन पोलाद वापराने करडं-निळसर होतं, लिंबू कापलं की काळवंडतं. विळीवर कच्ची केळी चिरणाऱ्या आजीला हे शिकवावं लागत नाही. चुंबकाचा उपयोग नाही, कारण पात्यांचं कडक स्टेनलेसही त्याला चिकटतं. धारवाल्याच्या चाकावर ठिणग्या पाहण्याची रीत आहे: कार्बन जास्त, तितकी फुलबाजी दाट. पण त्यात पातं झिजतं, तापलं तर पाणी उतरतं. जुन्या पात्यावर हा प्रयोग नकोच. एक्स-रे यंत्र क्रोमियम सांगतं, कार्बन मात्र मोजू शकत नाही. तेव्हा नुसतं पाहून कुणी पोलादाचा नेमका नंबर छातीठोक सांगत असेल, तर तो चाकू विकायला बसलाय असं समजा.

आमच्या युनिटमधल्या साताऱ्याच्या एका जवानाकडे आजोबांचा चाकू होता. आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढलेले, आणि चाकूही तिथलाच, असं घरात सगळे मानत. तेल लावून गंज हळूच पुसला तर सन निघाला १९५२. पोरगा दिवसभर गप्प होता. त्याला मी एवढंच म्हटलं, आजोबांची इटली सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आहे, ती या पात्यावर अवलंबून नाही. चाकू त्यांनी नंतर घेतला आणि आयुष्यभर वापरला, ही काय कमी गोष्ट आहे? खरी तारीख कळली म्हणून माणूस लहान होत नाही. उलट खोटी तारीख उद्या कुणी उघडी पाडली, तर लोक खऱ्या लढाईवरही शंका घेतात.

म्हणून घरात असा चाकू असेल तर बुडाचा फोटो काढा, जे दिसतं ते वहीत लिहा, आणि घरची गोष्ट तिच्याखाली वेगळी लिहा. दोन्हींची सरमिसळ नको. आणि ब्रासो बक्कलला मारा, पात्याला नको. आपल्या हाताला चमकवायची सवय असते, पण दोनचार घासण्यांत पुसट सन कायमचा जातो, आणि मग चाकूकडे सांगायला काहीच उरत नाही.