उभ्या राहिलेल्या घरांचा हिशेब



राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 43 फुटांवर गेली की तिने धोक्याची पातळी ओलांडली, असे आपण कोल्हापूरकर समजतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्या वर गेली. 2021 च्या जुलैमध्ये 56 फुटांच्या वर. करवीर आणि शिरोळ तालुक्यांतील कुटुंबांना दोन वर्षांत दोनदा घर सोडावे लागले, हे तुम्हांस सांगावयास नको. पाणी किती फूट चढले हे आपला शाळकरी मुलगाही सांगेल. परंतु पडलेल्या घरांपैकी किती पुन्हा उभी राहिली, हे निदान आपल्या वस्तीपुरते तरी तुम्ही सांगू शकाल काय? सरकारला हा प्रश्न मी मागाहून विचारीन. आधी तो तुम्हांस विचारतो.

सरकारचा हिशेब पैशाचा असतो. 2021 साली राज्य सरकारने पूर्ण नष्ट झालेल्या घरास 1,50,000 रुपये, निम्मे पडलेल्यास 50,000, चतुर्थांश पडलेल्यास 25,000 आणि किमान 15 टक्के नुकसान झालेल्यास 15,000 रुपये ठरविले. रक्कम खात्यावर पडली की दप्तरात प्रकरण मिटले. त्या पैशातून भिंत उभी राहिली, की सावकाराचे देणे फिटले, हे अनुदानाच्या यादीवरून कळत नाही.

ही टक्केवारी कशी ठरते तेही ध्यानात घ्या. आपल्यापैकी पुष्कळांची घरे मातीच्या भेंड्यांची. अशी भिंत पाण्यात उभी असताना पुष्कळदा तग धरते. पाणी ओसरून ऊन पडले, आतील माती सुटू लागली, की पंधरवड्याने एका रात्री बसते. तोवर पंचनामा होऊन गेलेला असतो आणि त्यात घर 'अंशतः बाधित' म्हणून लिहिलेले असते. (भिंतीने सरकारी मुदतीत पडावे, ही अपेक्षा धरणाऱ्याने कधी भेंड्यांच्या घरात पावसाळा काढला नसावा.) म्हणून भिंत मागाहून पडली तर त्याच दिवशी तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि फेरपंचनामा मागा. दुसरी अडचण नावाची. एका छपराखाली दोघा भावांच्या दोन चुली असतात, आणि उताऱ्यावर नाव मात्र निवर्तलेल्या आजोबांचे असते. अनुदान एकाच घराचे येते आणि भाऊ भावाशी बोलेनासा होतो. शाहू छत्रपतींनी 1918 साली या संस्थानात महार वतने रद्द करून जमिनी रयताव्याने नावावर करून दिल्या. कागदावर नाव चढण्याचे मोल आपल्या पणजोबांना तेव्हाच उमगले होते. मग आपण वारसनोंद का लांबणीवर टाकावी?

नोंद ठेवली नाही म्हणजे काय होते, याचा दाखला शहराच्या वेशीवरच आहे. 1989 च्या महापुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांसाठी सोनतळी येथे जागा देण्यात आली. जागा दिली म्हणजे पुनर्वसन झाले असे कोणी मानले असेल, तर 2019 साली त्याच चिखलीतून माणसे नावांनी बाहेर काढावी लागली. मध्ये तीस वर्षे गेली.

दूरदेशीही हेच घडले आहे. 2005 साली अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लीन्स शहर बुडविले. लुइझियाना राज्याने घरबांधणीसाठी 'रोड होम' नावाची योजना काढली. वादळापूर्वीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांत जी रक्कम कमी ती अनुदानासाठी धरावयाची, असा तिचा नियम. नियमात वर्णाचा उल्लेख नव्हता. परंतु काळ्या लोकांच्या वस्तीतील घरांची बाजारातील किंमतच कमी. तेव्हा तेवढ्याच पडलेल्या घराला त्यांना कमी पैसा मिळे. त्यांनी 2008 साली दावा लावला आणि 2011 साली तडजोड झाली. घराघराचे आकडे हाती होते म्हणून तो अन्याय दाखविता आला. आपल्या हाती कोणते आकडे आहेत?

नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांस एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 'बौद्ध' लिहिले तर घरकुल जाईल, अशी भीती घालणारे लोक प्रत्येक गावात भेटतात. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा 1990 च्या कायद्याने केंद्रानेही मान्य केला आहे, आणि राज्याची रमाई आवास योजना तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच आहे. भिऊन धम्म लपवू नका. मात्र जातीचा दाखला आणि जागेचा उतारा पावसाळ्याआधी मिळवून कोरड्या जागी ठेवा.

आणि विहारात एक वही घाला. प्रत्येक घराला एक पान असावे: घर कोणाच्या नावावर, आत चुली किती, पाणी कितव्या विटेपर्यंत आले, पंचनामा कधी झाला, त्यात काय लिहिले, पैसे किती व केव्हा आले. एकट्या बाईचे, म्हाताऱ्याचे, बाहेरगावी ऊसतोडीस गेलेल्याचे पान आधी भरा. यादी दाखविण्यास कोणी टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. आपला वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत चालतो. पुराचे दिवसही तेच. ग्रंथवाचनासाठी आपण जमतोच, तर दर पौर्णिमेस वाचन आटोपल्यावर ती वही सर्वांसमक्ष वाचावी. पैसे आले म्हणून कोणाचे पान मिटवू नये. छप्पर पडले, दार बसले आणि त्या कुटुंबाची चूल आत पेटली, हे दोघांनी डोळ्यांनी पाहून सही केल्यावरच ते मिटवावे.