सड्यावरची म्हातारी

दसरा सरला, गवत पिवळे पडले की माझे सडे फिरणे सुरू होते. पावसात तिथे सीतेची आसवं फुललेली असतात, तेव्हा फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. मला आवडतो तो त्यानंतरचा उघडाबोडका कातळ, कारण दगड दिसतो तो तेव्हाच. फोंड्याहून सकाळी सहाला स्कूटर काढायची आणि डिचोली नाहीतर पेडणे गाठायचे. घरचे विचारतात, ‘‘आज कुठला फातर?’’

मागच्या खेपेला पेडण्यात सड्याच्या उतरणीवर, शेताच्या बांधात रुतलेला एक दगड दिसला. गुडघ्याएवढा. वर सूर्य-चंद्र, खाली कोपरात वाकलेला हात, पंजा उघडा, मनगटावर तीन रेघा म्हणजे बांगड्या. एका कडेला गुळगुळीत खळगा पडलेला. किती पिढ्यांनी तिथे कोयते घासले असतील कोण जाणे. सतीशिळा, हे ओळखायला वेळ लागला नाही. मी खाली बसून माती पुसायला लागलो तोच वरून गुराख्याचा आवाज आला, ‘‘ती म्हातारी. तिका सांगल्याबगर हालोवंक नजो.’’

पूर्वी मी वहीत नुसते ‘सतीशिळा’ लिहिले असते. आता ‘म्हातारी’ही लिहितो, आणि आधी तेच लिहितो. म्हातारी आहे म्हणून तो दगड अजून बांधावर आहे. नुसती सतीशिळा असती तर केव्हाच कुणाच्या तरी पायरीला गेली असती.

देवळातल्या दगडांची काळजी करावी लागत नाही. आमच्या बांदोड्याच्या नागेशीला १४१३ सालचा शिलालेख आहे. त्याच्यावर अक्षरे आहेत, त्याला अंगण आहे, अभ्यासकही आहेत. कदंबांच्या काळातले वीरगळ जुन्या गोव्याच्या संग्रहालयात नीट मांडून ठेवलेत. प्रश्न आहे तो अक्षर नसलेल्या, छप्पर नसलेल्या दगडांचा. गावाच्या शिवेवरचा धोंडा, डोकीवरचे ओझे टेकवायचा चौथरा, कातळात खोदलेली गुरांची दोण. यांना सरकारी यादीत जागा नाही आणि मुळात कुणी ती मागितलेलीही नाही.

कातळावरच्या चित्रांचेही असेच झाले. रिवणजवळ कुशावतीच्या काठावर, उसगाळीमळला, जांभ्यावर बैल, हरणे, माणसे आणि तो प्रसिद्ध चक्रव्यूह कोरलेला आहे. डॉ. प्र. पां. शिरोडकरांनी १९९३ मध्ये तो जगापुढे आणला, पण तिथे गुरे चारणाऱ्यांना ती चित्रे आधीपासून ठाऊक होती. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायी तुडवले, गावोगाव विचारत फिरले, तेव्हा कुठे कातळशिल्पांचा पसारा ध्यानात आला. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या. त्यात आपले उसगाळीमळ आहे. या कामात विद्वत्तेइतकेच पाय आणि कान लागतात, असे माझे मत झाले आहे.

आणि थोडा संयम. तो माझ्याकडे नव्हता. काही वर्षांपूर्वी डिचोलीच्या एका सड्यावर झिजलेले जनावर सापडले, फोटोत उठून दिसावे म्हणून मी रेषांत खडू भरला. घरी येऊन बघतो तर बैलाला दोन ऐटबाज शिंगे. पुढच्या आठवड्यात सकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा गेलो, तर एकच शिंग. दुसरे माझे होते! तेव्हापासून खडू बंद, पाणी बंद, तारेचा ब्रश तर नावच नको. सूर्य उगवताना किंवा मावळताना जायचे, आडव्या उजेडात रेषा आपोआप वर येतात. ढगाळ दिवस असेल तर बॅटरी जमिनीलगत धरायची. शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो, मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश, दगडाचे तोंड कुठल्या दिशेला, आणि गाव त्याला काय म्हणते. दहा मिनिटांचे काम आहे.

घाई करायला हवी, कारण ज्या जांभ्यावर हे कोरलेले आहे त्याचेच चिरे काढून आपण घरे बांधतो. माझेही घर चिऱ्याचेच आहे, तेव्हा चिरेखाणवाल्याला नावे ठेवायला मी मोकळा नाही. डिचोलीत खनिजासाठी डोंगर उलथले गेले. मोपाच्या सड्यावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरताहेत. मशीन आले की चालवणाऱ्याला म्हातारी कोण आणि नुसता धोंडा कोण, हे कळायचा मार्ग नसतो. कागदावर आधीच नोंद असेल तर निदान त्याला थांबवून दाखवता तरी येते.

आता फोंडेकरांना एक विनंती. आपल्या कुळागरांत पाटाच्या काठी कपडे धुवायचा एक रुंद, सपाट फातर असतोच. पायरीला जाणाऱ्या दगडासारखा तोही कोरीव बाजू खाली घालून बसवलेला असू शकतो. या रविवारी दोघाचौघांना हाताशी घ्या, तो अलगद उलटा करा आणि पोटाकडची बाजू बघा. काही दिसले तर खरवडू नका. फोटो काढा, आणि घरातल्या थोरांना विचारा तो तिथे कुठून आणला.