कॅल्शियमची गोळी सरसकट नको

चाळिशी ओलांडली की कॅल्शियमची गोळी सुरू करा, हा सल्ला आता औषधाच्या दुकानापासून हाडांच्या तपासणी शिबिरापर्यंत सर्रास मिळतो. तो सरसकट देणे योग्य नाही. अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांच्या अभ्यासात सुमारे निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व सरासरी सात वर्षे दिले गेले. २००६ साली निष्कर्ष आले तेव्हा खुब्याच्या हाडाची घनता जेमतेम एक टक्का जास्त भरली. खुबा मोडण्याचे प्रमाण मात्र ठामपणे सांगता येईल इतके घटले नव्हते आणि मूतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढले होते. घनतेचा आकडा सुधारणे आणि हाड मोडण्यापासून वाचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर कोणी १९९२ च्या फ्रान्समधील अभ्यासाकडे बोट दाखवील. तिथे अशाच गोळ्यांनी खुब्याचे फ्रॅक्चर ४३ टक्क्यांनी कमी झाले, हे खरेच आहे. पण त्या स्त्रिया वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी ८४ वर्षांच्या होत्या. आहारात कॅल्शियम कमी आणि अंगात ‘ड’ जीवनसत्त्वाचा तुटवडा होता. म्हणजे गोळी उणीव भरून काढते. उणीव नसेल तिथे तिचा उपयोग फारसा नाही. आपल्याकडे तर उणीवच आहे, असा पुढचा आक्षेप येईल. तो रास्त आहे, पण ती मुळात ताटातली उणीव आहे. प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत त्यातले सुमारे साडेतीनशे मिळते आणि नाचणी आपल्याच सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर पिकते. नाचणीतले कॅल्शियम अंगी पुरते लागत नाही, हेही खरे. मोड आणून दळली की ती अडचण बरीच कमी होते. जोडीला दूध-दही, तीळ, कोवळे ऊन आणि रोजचे चालणे हवेच.

गर्भवती, बाळंतिणी आणि हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेले रुग्ण यांनी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मुळीच थांबवू नयेत. मात्र शिबिरांत गोळ्या वाटण्याआधी आहार, ऊन आणि मूतखड्याचा पूर्वेतिहास विचारलाच पाहिजे. जिल्हा परिषदेने अंगणवाडीच्या आहारात आणि पुरवठा विभागाने रेशनवर स्थानिक नाचणीला कायमचे स्थान द्यावे. त्यातून हाडांना कॅल्शियम मिळेल आणि डोंगरातल्या शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईकही.

— एक वाचक, नाशिक