काजळीचा जिल्हा आणि पाण्याचे ऋण

सणाच्या सायंकाळी ज्या घटकेस महाराष्ट्रातील घराघरांत दिवे लागतात, त्या घटकेस चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रातील भट्ट्यांना उसंत नसते. २,९२० मेगावॉट क्षमतेच्या त्या केंद्रात अहोरात्र कोळसा जळत असतो, आणि आपल्याकडील कोळशात सुमारे तिसरा हिस्सा वा त्याहूनही अधिक राख असल्यामुळे, वीज दूरच्या शहरांकडे रवाना झाल्यावर जी राख, जी काजळी आणि जो गंधकाचा धूर मागे उरतो, तो सारा त्याच जिल्ह्याच्या श्वासात जातो. ज्या प्रकाशात हा अंक वाचला जाईल, त्याचा हा जमाखर्च वाचकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

कोळशाला पर्याय या प्रांताने फार पूर्वीच शोधला होता. मुंबईच्या कापडगिरण्या दूरवरून आणलेल्या कोळशावर चालत असताना जमशेटजी टाटांनी मनी धरलेला आणि त्यांच्या पश्चात दोराबजींनी सिद्धीस नेलेला संकल्प असा होता की, सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस लोणावळ्यानजीकच्या तलावांत अडवावा आणि नळांवाटे सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीस सोडावा. १९१५ साली ते केंद्र सुरू झाले. पुढे भिवपुरी आणि भिरा आले. पडत्या पाण्याने चक्रे फिरली, जाळावे काहीच लागले नाही, आणि खोपोलीचे पाणी वीज देऊन पाताळगंगेस मिळत राहिले.

परंतु भिऱ्यास जाणारे पाणी मुळशीचे, आणि मुळशीची कैफियत निराळी आहे. तेथील मावळ्यांची वहिवाटीची भातखाचरे धरणाखाली जाणार म्हणून १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापटांनी त्यासाठी कारावास पत्करला. ‘जान किंवा जमीन’ ही प्रतिज्ञा करणाऱ्यांची जमीन अखेर गेलीच. स्वराज्यात कोयना उभी राहिली, आज तिचे सामर्थ्य सुमारे १,९६० मेगावॉट आहे. तथापि तिच्या शिवसागर जलाशयाने उठवलेली कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली, आणि त्यांतील कित्येकांची नातवंडे अद्याप दरखास्तीचे कागद घेऊन सरकारदरबारी हेलपाटे घालत आहेत. धूर नाही एवढ्यावरून कोणतीही वीज निष्कलंक ठरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही पाण्याकडेच वळावे लागेल. प्रवरेच्या उगमाकडील घाटघर येथे २५० मेगावॉटचे केंद्र आहे. मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवावयाचे आणि निकडीच्या वेळी तेच खाली सोडून वीज घ्यावयाची, अशी तेथील रीत. चढवण्यास लागणारी वीज परत मिळणाऱ्या विजेहून अधिक असते हे खरे. परंतु चढवणारी वीज सूर्याची असेल, तर दुपारचे ऊन दिवेलागणीस उपयोगी पडते आणि चंद्रपूरच्या भट्ट्यांवरील भार हलका होतो. अशा केंद्रास शिवसागराएवढे विस्तीर्ण जलाशयही लागत नाहीत. सह्याद्रीत असे अनेक प्रकल्प उभारण्याचे करार सरकारने अलीकडे केले आहेत. त्यांतील प्रत्येकाची मंजुरी तेथील ग्रामसभेचा जबाब नोंदवून, आणि मोबदल्याची जमीन प्रत्यक्ष कब्जात दिल्यानंतरच व्हावी.

वाचकांस आमची एकच विनंती आहे: आपल्या लोकप्रतिनिधीची गाठ पडेल तेव्हा, कोयनेच्या किती कुटुंबांच्या नावे सातबारा अद्याप चढावयाचा आहे, हे त्यांस अवश्य विचारावे.