नमाजला कवायत म्हणणाऱ्यांनी आपले बायबल उघडावे

"तुमची नमाज म्हणजे कवायत. ठरलेली वेळ, ठरलेले शब्द, तीच ऊठबस. आमची प्रार्थना मनातून येते. आम्ही देवाशी थेट बोलतो." हे बोल मी अनेकदा ऐकले आहेत. कधी चहा पिता पिता, कधी व्हॉट्सॲपवर, कधी हातात ठेवलेल्या पत्रकातून. बोलणारे बहुधा अलीकडच्या प्रार्थना मंडळांतले ख्रिस्ती बांधव असतात. माणसे भली असतात, बोलतातही प्रेमाने. पण ज्या पुस्तकाच्या आधारावर ते हे बोलतात, त्या पुस्तकात असे कुठे आहे, हा माझा साधा प्रश्न आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख सगळ्या ख्रिस्ती समाजावर नाही. वसईच्या घरांत संध्याकाळी रोझरी म्हणणाऱ्या आजीला ठरलेल्या शब्दांची किंमत कळते. केरळच्या मलंकारा ऑर्थोडॉक्स परंपरेत दिवसाच्या सात प्रहरांच्या प्रार्थना आहेत, पूर्वेकडे तोंड करून उभे राहणे आहे आणि कपाळ जमिनीला टेकवणेही आहे. माझा वाद त्यांच्याशी आहे, जे ही सारी परंपरा बाजूला सारून "फक्त पवित्र शास्त्र" म्हणतात आणि मग त्या शास्त्रातली प्रार्थना कशी होती हे पाहतच नाहीत.

वेळेपासून सुरुवात करू. ५५व्या स्तोत्रात दाऊद (अलैहिस्सलाम) संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी देवाला हाक मारतात. ११९व्या स्तोत्रात दिवसातून सात वेळा स्तुती करण्याचा उल्लेख आहे. दानीएलच्या सहाव्या अध्यायात राजाचा हुकूम निघतो की तीस दिवस राजाखेरीज कोणाकडेही काही मागायचे नाही. दानीएल काय करतो? घरी जातो, जेरुसलेमच्या दिशेच्या खिडक्या उघड्या असतात, तेथे गुडघे टेकतो आणि नेहमीप्रमाणे दिवसातून तीन वेळा प्रार्थना करतो. वेळ ठरलेली, दिशा ठरलेली, शरीराची ठेवण ठरलेली. मनातून आलेली प्रार्थना कुठेही, कशीही चालत असती, तर त्याने महिनाभर मनातल्या मनात भागवले असते. सिंहांच्या गुहेत जाण्याची वेळच आली नसती.

"तो जुना करार झाला," असे कोणी म्हणेल. मग प्रेषितांची कृत्ये उघडा. तिसऱ्या अध्यायात पेत्र आणि योहान दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळी मंदिरात जातात. दहाव्या अध्यायात पेत्र भर दुपारी छतावर प्रार्थनेला जातो. याच अध्यायातला कर्नेल्यही तिसऱ्या प्रहरीच प्रार्थना करत असतो. हे सारे हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्या नंतरचे आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजातल्या 'दिदाखे' नावाच्या छोट्या ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणायला सांगितले आहे. म्हणजे वेळापत्रक आम्ही शोधून काढलेले नाही.

आता पाणी. निर्गमच्या तिसाव्या अध्यायात पितळेचे गंगाळ करवून घेतले आहे आणि सेवेला जाण्यापूर्वी याजकांनी हात-पाय धुवावेत अशी आज्ञा आहे. चाळिसाव्या अध्यायात मूसा (अलैहिस्सलाम) स्वतः तेथे हात-पाय धुतात. त्याआधी जळत्या झुडपापाशी त्यांना पायातले काढायला सांगितले गेले होते. ती घटना कुरआनातही सूरह ताहामध्ये आहे. ख्रिस्ती बांधव म्हणतील की ही याजकीय व्यवस्था आता संपली. त्यांची श्रद्धा त्यांना लखलाभ. पण मशिदीच्या हौदावर वुजू करणारा माणूस पाहून "हे काय, देव मन पाहतो" असे म्हणण्यापूर्वी, पाणी आणि इबादत यांचे नाते तौरातमध्येही लिहिलेले आहे, एवढे तरी आठवावे.

आणि सजदा? उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात इब्राहीम (अलैहिस्सलाम) पालथे पडतात. गणनाच्या सोळाव्यात मूसा आणि हारून पालथे पडतात. नहेम्याच्या आठव्यात सगळा जनसमुदाय तोंड जमिनीला लावून देवाला नमन करतो. मत्तयच्या २६व्या अध्यायात, गेथशेमाने बागेत, सर्वांत कठीण रात्री ईसा (अलैहिस्सलाम) काय करतात? थोडे पुढे जाऊन तोंडावर पडून प्रार्थना करतात. आमच्या बोलीत याला सजदा म्हणतात. कुरआनात हजरत मरियमला सजदा आणि रुकू करायला सांगितले आहे (३:४३). ज्या आईला सजद्याचा हुकूम, तिच्या मुलाचा सजदा इंजीलमध्ये सापडावा, यात मुस्लिम वाचकाला नवल वाटणार नाही. नवल याचे वाटते की हा अध्याय वाचणारे कपाळ टेकवणाऱ्याला कवायत करणारा म्हणतात.

यावर नेहमी एक उत्तर येते, आणि ते प्रामाणिकपणे घेतले पाहिजे. मत्तयच्या सहाव्या अध्यायात ईसा सांगतात की लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नका, खोलीत जाऊन दार लावा, आणि निरर्थक बडबड करू नका. मग नमाजमधली तीच ती वाक्ये म्हणजे निरर्थक बडबड नव्हे काय?

नाही. त्याच मत्तयच्या २६व्या अध्यायात लिहिले आहे की ईसांनी तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली. १३६व्या स्तोत्रात २६ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच चरण आहे. त्यांचा आक्षेप पुन्हा म्हणण्याला नव्हता. शब्दांची संख्या वाढवली म्हणजे देव नमतो, या समजुतीला होता. आणि तो सल्ला देऊन झाल्यावर लगेच त्यांनी काय केले? शिष्यांना ठरलेल्या शब्दांची एक प्रार्थना शिकवली. दार लावून घ्यायला सांगणारे ईसा लूकच्या चौथ्या अध्यायात आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथच्या दिवशी सभास्थानात जातात. म्हणजे विरोध जमातीला नव्हता, दिखाव्याला होता.

मी शिक्षक आहे. पाठांतराला हसण्याची फॅशन आमच्या क्षेत्रातही येऊन गेली. पण वर्गातला अनुभव असा की ज्या मुलीला कविता पाठ आहे, तिलाच ती कधीतरी, शाळा सुटल्यावर, अचानक कळते. जिला पाठच नाही, तिच्याजवळ कळायला काही उरतच नाही. मराठी ख्रिस्ती वाचकाला हे सांगायची गरज पडू नये. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले 'क्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. ओवी ही पुन्हा पुन्हा म्हणायची गोष्ट आहे. नारायण वामन टिळकांची भजने देवळात एकत्र, ठरलेल्या शब्दांत आणि चालीतच गायली जातात. त्यामुळे ती मनातून येत नाहीत असे कोणी म्हणत नाही.

आता मूळ मुद्दा. वेळ, पाणी, शब्द, सजदा ही सारी तालीम कशासाठी? उत्तर त्याच बागेत आहे. ईसा मागतात की हा प्याला टळो. आणि लगेच पुढे म्हणतात की माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. सुळाच्या घटनेबद्दल कुरआनचे म्हणणे वेगळे आहे, ती चर्चा आज नको. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तो प्याला टळला नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि उत्तर मिळाले की कृपा पुरेशी आहे. काटा राहिला. प्रभूच्या प्रार्थनेतही आधी देवाचे नाव, देवाचे राज्य, देवाची इच्छा. मग कुठे आजची भाकरी. आजची, वर्षभराची नाही. आणि ती 'मला' नव्हे, 'आम्हाला'. सूरह फातिहाही अशीच आहे. आधी स्तुती, मग 'आम्ही', आणि मागणी एकच, सरळ मार्गाची. फक्त फर्ज नमाजचा हिशोब केला तरी ती दिवसातून सतरा वेळा म्हटली जाते.

याच्या शेजारी आजची 'चमत्कार प्रार्थना' ठेवून पाहा. मोठा मंडप, मोठे स्पीकर, आणि मंचावरून घोषणा की अमुक मागा, हक्काने मागा, मिळालेच पाहिजे. आणि नाही मिळाले तर? तर तुमची श्रद्धा कमी पडली. हा शब्द कॅन्सरच्या रुग्णाच्या कानावर पडतो तेव्हा काय होते, याचा विचार करा. आजार आधीच होता, आता वर गुन्हाही त्याचाच. ज्या शास्त्रात पौलाचा काटा निघत नाही, त्या शास्त्राच्या नावाने एखाद्या आईला सांगितले जाते की तुझे मूल तुझ्या अपुऱ्या श्रद्धेमुळे बरे झाले नाही. यापेक्षा कवायत बरी. कवायतीत निदान कोणी कोणाला दोषी ठरवत नाही.

इथे माझ्या मुस्लिम वाचकांनी टाळ्या वाजवू नयेत. हाच धंदा आपल्याकडे तावीज, दम केलेले पाणी आणि बाबांच्या पावतीपुस्तकाने चालतो. आणि नमाजच्या बाबतीत तर आपल्यावरचा आरोप आपल्याच किताबात आहे. सूरह माऊन वाचा. ज्या नमाज पढणाऱ्यांसाठी तेथे विनाश सांगितला आहे, ते आपल्या नमाजबद्दल बेपर्वा आहेत, दिखावा करतात आणि शेजाऱ्याला लागणारी साधी वस्तूही देत नाहीत. त्याच सूरहमध्ये अनाथाला धक्के देणारा आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायातही हेच आहे. हात रक्ताने भरलेले असताना केलेल्या प्रार्थना देव ऐकत नाही, आधी अनाथाला न्याय द्या. पहिल्या सफमध्ये उभे राहून बहिणीचा वारसाहक्क गिळणाऱ्या माणसाची नमाज खरोखरच कवायत आहे. तिला तसे म्हणणारा ख्रिस्ती त्या एका बाबतीत चुकत नाही.

मतभेद आहेत आणि राहतील. ते ईसांच्या नावाने प्रार्थना करतात. आम्ही म्हणतो, ईसांनी ज्याच्यापुढे कपाळ टेकवले त्याच्याचपुढे टेकवा. ते म्हणतील, पुत्राने मानवी रूपात पित्याला केलेली ती प्रार्थना होती. हा वाद चौदाशे वर्षांचा आहे. पण सीरतच्या ग्रंथांत येते की नजरानचे ख्रिस्ती लोक मदिनेत आले, वादही झाला, आणि त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा प्रेषितांच्या मशिदीतच त्यांनी पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना केली. प्रेषितांनी (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) त्यांना करू द्या असे सांगितले. वाद असूनही एकमेकांच्या इबादतीची थट्टा करायची नसते, हे तेव्हा ठरून गेले.

तेव्हा माझ्या ख्रिस्ती मित्रांना विनंती एवढीच. पुढच्या वेळी नमाजबद्दल बोलण्याआधी मत्तयचा २६वा अध्याय वाचा, आणि एकदा तरी, कोणी पाहत नसताना, तो सांगतो तशी प्रार्थना करून पाहा. जमिनीवर, काही न मागता, त्याची इच्छा मान्य करत. आणि माझ्या मुस्लिम भावांनो, सलाम फेरल्यावर उजवीकडे-डावीकडे मान वळते, तेव्हा त्या बाजूला कोण उपाशी आहे तेही पाहा. सूरह माऊनमधल्या यादीत आपले नाव नको.