फुकटचे ज्ञान आणि दाखल नोंदवही

मालवणच्या समुद्रावर गेल्या अर्धशतकात थोडेथोडके संशोधन झालेले नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ, १९८७ साली जाहीर झालेले सागरी अभयारण्य, बांगड्या-तारलीची आवक अशा अनेक विषयांवर शास्त्रज्ञांनी लिहिले आहे. विशेष म्हणजे त्यातले पुष्कळसे आज कोणालाही एक पैसा न देता वाचता येते. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्या शास्त्रज्ञांचे लेख इंटरनेटवरील खुल्या भांडारांत ठेवले आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठातले प्रबंध 'कृषिकोशा'त सापडतात, इतर विद्यापीठांचे 'शोधगंगे'त. 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' हा १८८० सालचा जुना गॅझेटियरही घरबसल्या चाळता येतो.

मग आपल्या मुलांना तो का सापडत नाही?

जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात मासेमारीवर प्रकल्प करणारी मुलगी मोबाइलवर 'बांगडा' असे लिहिते आणि तिच्यापुढे तिरफळ घातलेल्या तिखल्याच्या कृती येऊन पडतात. शास्त्रज्ञांच्या लेखात हा मासा 'इंडियन मॅकरेल' असतो, नाही तर 'रास्ट्रेलिजर कानागुर्टा'. तारली तिथे 'ऑइल सार्डिन' होते. गावाचे नावही धड एक नाही. इंग्रजीत मालवण कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. एका स्पेलिंगने शोधले तर दुसऱ्याखालचे लेख हाती लागतीलच असे नाही. रापणकराच्या घरात वाढलेल्या मुलीला माशाची ओळख शास्त्रज्ञापेक्षा कमी असते असे नाही. फक्त त्या माशाचे कागदोपत्री नाव तिला कोणी सांगितलेले नसते.

हे सांगण्याचे काम ग्रंथपालाचे. पूर्वी तालिकेच्या खणात एक कार्ड असे : अमुक विषयासाठी तमुक शब्द पाहा. 'बांगडा'खाली तसे एक कार्ड, इतकेच आज हवे आहे. संगणकावरच्या तालिकेत पुस्तकाप्रमाणे लेखाचीही नोंद करता येते. कपाटाच्या क्रमांकाऐवजी लेखाचा कायमचा पत्ता द्यायचा. 'कोहा'सारखी त्यासाठीची संगणकप्रणालीसुद्धा फुकट मिळते.

अडचण आहे ती आपल्या कारभाराच्या सवयीत. ग्रंथालयात वस्तू येते ती बिलासह. बिल मंजूर होते, दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो, शिक्का बसतो आणि मग ते पुस्तक 'आहे' असे ठरते. जे विनामूल्य आले त्याला बिल नाही. बिल नाही म्हणून क्रमांक नाही आणि क्रमांक नाही म्हणून ते तालिकेतही नाही. वार्षिक अहवालात 'या वर्षी इतक्या रुपयांची खरेदी' असा रकाना असतो. 'इतके मोफत लेख निवडून, तपासून नोंदवले' असा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

तपासून हा शब्द महत्त्वाचा. खुल्या नियतकालिकांत लेखकाकडून पैसे उकळून वाटेल ते छापणारीही आहेत. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने संशोधन सर्वांना खुले असावे ही कल्पना जगापुढे मांडली, तिच्या आडोशाने हा धंदाही फोफावला. सोने आणि पितळ वेगळे करायला जाणता माणूसच लागतो.

सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पाऊल मोठे आहे, यात शंका नाही. पण मंजूर झाली तेव्हा ती केंद्र व राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी होती, आणि आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्था चालवतात. शिवाय वर्गणी ती वर्गणीच. भरणे थांबले की दार बंद. कोची-गोव्याच्या भांडारांना तशी कुलुपेच नाहीत.

हा प्रश्न केवळ परीक्षेच्या गुणांचा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. रापणकर आणि पर्ससीनवाले यांचा झगडा या किनाऱ्याने वर्षानुवर्षे पाहिला आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर बंधने आली, तरी वाद शमला नाही. तारली एका वर्षी मुबलक आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ गायब का होते? जाळ्यांमुळे, की समुद्राच्या बदलत्या तापमानामुळे? दोन्ही बाजूंचे लोक बैठकीत आवाज चढवून बोलतात. आकडे मात्र अधिकाऱ्याच्या फायलीत असतात. वास्तविक तारलीच्या चढउतारावरचे लेख कोचीच्या भांडारात सर्वांसाठी पडून आहेत. ते रापणकरांच्याच बाजूने बोलतील अशी खात्री नाही, पण वाचल्याशिवाय ते कळणार कसे?

'तारली' या शब्दाखाली अशा वीस-पंचवीस नोंदी करायला जाणत्या ग्रंथपालाला दोन दुपारी पुरतील. ग्रंथपालाची खुर्चीच रिकामी असेल, तर त्या दोन दुपारी कोणाकडे मागायच्या, हे संस्थाचालकांनी पालकांना एकदा सांगावे.